पाणंदीत पोट टेकलेली गाडी: काळ्या मातीतून एक हॅचबॅक कशी निघाली

परभणी जिल्ह्यातली एक पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी कच्ची वाट. जुलैचा दुसरा आठवडा. दोन दिवस झड लागून तिसऱ्या दिवशी दुपारी चांगलं ऊन पडलेलं. गाडी म्हणजे नेहमीची पेट्रोल हॅचबॅक: पुढच्या चाकांना ताकद, हाताने बदलायचे गिअर, रिकामं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, जमिनीपासून उंची १६५ मिलिमीटर म्हणजे साडेसहा इंच, टायरमध्ये हवा ३३ पीएसआय. आत चार माणसं आणि डिकीत युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्या.

गाडी अर्धा किलोमीटर व्यवस्थित आली होती. पाणंदीत ट्रॅक्टरच्या दोन खोल चाकोऱ्या होत्या. चालक त्या चुकवत, उजवी चाकं मधल्या उंचवट्यावर आणि डावी कडेच्या गवतावर ठेवून चालवत होता. ते बरोबरच होतं. समोरून ट्रॅक्टर आला, चालकाने ब्रेक मारत स्टिअरिंग वळवलं आणि गाडी घसरून दोन्ही चाकोऱ्यांत उतरली. चाकोरी आठ-नऊ इंच खोल, गाडीची उंची साडेसहा. म्हणजे चाकं खड्ड्यात आणि पोट मधल्या उंचवट्यावर. पुढची दोन-तीन मिनिटं चालकाने पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून टाकत रेस दिली. पुढचं डावं चाक गरगर फिरत मधल्या नटांपर्यंत आत गेलं, पुढचं उजवं मात्र जागचं हललंही नाही.

इथपर्यंत प्रकरण रोजचंच आहे. पुढे कोणत्या क्रमाने काम झालं आणि तोच क्रम का, ते पाहण्यासारखं आहे. काळ्या मातीत गाडी अडकते ती इंजिनाची ताकद कमी पडते म्हणून क्वचितच. ती अडकते पोट टेकल्यामुळे आणि चाकावर थापलेल्या चिखलामुळे, आणि या दोन्ही गोष्टींवर रेस देऊन काहीही होत नाही.

जमिनीचा स्वभाव

ही माती बेसाल्ट झिजून झालेली, चिकणमातीचं प्रमाण भरपूर. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी शोषून फुगतं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच फुगण्या-आकसण्यामुळे. पाऊस पडला की वरचा थर फुगून भेगा बुजतात आणि पाणी खाली जायची वाट जवळजवळ बंद होते. म्हणून जून-जुलैत वरचे चार-सहा इंच लोण्यासारखे आणि त्याखाली कडक, अशी स्थिती बहुधा असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओल फूट-दीड फूट उतरलेली असते, तेव्हा हिशेब वेगळा. उन्हाने वर खपली धरते ती एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरची. रंग फिकट दिसतो, रस्ता वाळल्यासारखा वाटतो, पण चाकाखाली खपली फुटली की आत तेच.

किती खोलवर मऊ आहे हे कळायला पहारीइतकं चांगलं साधन नाही. इथे चाकोरीच्या तळात पहार रोवली तर पाच इंच सहज गेली आणि मग टणक लागलं. त्यावरून ठरलं की दगड टाकले तर ते कुठेतरी टेकतील. हीच पहार फूटभर जाऊनही टेकली नसती तर खोदत बसण्यात अर्थ नव्हता. तेव्हा वरच्यावर फळ्या-फांद्यांचा बिछाना करावा लागतो, नाहीतर बाहेरून ओढून काढावी लागते.

पहार नसेल तर स्वतःचा पाय वापरा. सत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला की जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.३५ किलो दाब येतो. ३३ पीएसआय हवेचा टायर सुमारे २.३ किलोने दाबतो. जिथे एका पायावर उभं राहिल्यावर टाच दोन-तीन इंच आत जाते, तिथे गाडी घालू नये. आधी उतरून चालून बघायला दोन मिनिटं लागतात. कुणी करत नाही ते सोडा.

पहिली अर्धी चूक, आणि गोण्यांचं उड्डाण

सगळे खाली उतरले ते गाडी ढकलायला. कुणीतरी युरियाची रिकामी गोणी आणून डाव्या चाकापुढे खुपसली. रेस दिल्याबरोबर ती चाकाखालून सुटून मागे दहा फुटांवर पडली. खताची गोणी प्लास्टिकच्या पट्ट्यांची विणलेली असते, ओली झाली की चिखलापेक्षा निसरडी. तागाचं बारदान असतं तर थोडी पकड मिळाली असती, तेही चाकाखाली पुरेसं खोल सरकवलं तरच. गाडीतल्या रबरी मॅटचं तेच होतं. अशी वस्तू चाकाखालून सुटते ती चाक ज्या दिशेला फिरतंय तिच्या उलट, आणि चांगल्या वेगाने. त्या रेषेत माणूस उभा असेल तर गुडघा फुटतो. फळी असेल तर आणखी वाईट.

दुसरा सल्ला हँडब्रेकचा आला: "दादा, हँडब्रेक दोन खटके वर घ्या, दुसरं चाक धरंल." सल्ला खोटा नाही, पण या गाडीचा नाही. साध्या डिफरेन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या संचात, दोन्ही चाकांना ताकद सारखीच जाते, आणि ती किती जाणार हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. घसरणाऱ्या चाकाला थोडा अडथळा दिला की दुसऱ्यालाही तेवढी जास्त मिळते. बोलेरो किंवा इको यांसारख्या गाडीत मागची चाकं ताकदीची आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांवर, म्हणून तिथे तीन-चार खटके ओढून फायदा होतो. पुढच्या चाकांच्या गाडीत हँडब्रेक ओढणं म्हणजे मागची मोकळी चाकं बांधून ठेवणं.

रेस थांबवण्याचं आणखी एक कारण आहे. एक चाक थांबलेलं आणि एक फिरतंय, अशा वेळी बऱ्याच गाड्यांत स्पीडोमीटर दोघांची सरासरी दाखवतो. काटा ४० वर असेल तर फिरणारं चाक ८० च्या वेगाने फिरतंय. डिफरेन्शियलमधले छोटे गिअर एवढ्या फरकासाठी बनवलेले नसतात, ते वळणावरच्या किरकोळ फरकासाठी असतात. क्लचचा जळका वास इथे आधीच सुटला होता. वास आला की इंजिन बंद करून वीस मिनिटं सोडायचं. तेवढ्यात फावड्याचं काम होतं.

ट्रॅक्टर का लावला नाही

रस्ता अडल्यामुळे ट्रॅक्टरवाला समोर थांबून होता, घरी जायच्या घाईत. "दोर लावा, एका हिसक्यात काढतो." दोरही होता, नायलॉनचा, अंगठ्याएवढा जाड. तरी त्याला थांबवलं, आणि ते बरोबर होतं.

पहिलं कारण दिशेचं. ट्रॅक्टर गाडीच्या पुढे होता. म्हणजे ओढणार पुढे, आणि पुढे चाकोरी आणखी खोल. पोट टेकलेली गाडी पुढे ओढणं म्हणजे बंपर आणि इंजिनाखालचं प्लास्टिक यांचा नांगर करणं. मागे मात्र पंधरा फुटांवर नळ्या टाकून मुरूम भरलेला कडक तुकडा होता. गाडी तिथूनच आली होती. आलो त्या वाटेने मागे, हा नियम बहुतेक वेळा चालतो, कारण ती जमीन आपण एकदा तपासलेली असते. पुढच्या चाकांच्या गाडीला रिव्हर्सचा एक जास्तीचा फायदाही आहे: मागे जोर लावताना वजन पुढच्या चाकांवर येतं.

दुसरं कारण हुकाचं. अशा गाडीला ओढायचा हुक मिळतो तो पुढच्या बंपरमध्ये, छोट्या चौकोनी झाकणामागे आटे असलेलं भोक असतं आणि हुक स्टेपनीजवळच्या हत्यारांत. तो पूर्ण आत जाईपर्यंत फिरवून शेवटी चाकाच्या पान्याने घट्ट करायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, जोर करण्याआधी बघा. अर्ध्या आट्यांवर ओढला तर वाकतो किंवा सुटून काच फोडतो. मागे खालच्या बाजूला जी कडी दिसते ती पुष्कळ गाड्यांत ट्रकवर बांधून नेण्यापुरती असते. पुस्तिकेत ओढण्यासाठी म्हटलं असेल तरच तिला दोर लावावा. मागच्या एक्सलला दोर गुंडाळायची पद्धत गावोगाव आहे. तिच्यात ब्रेकची नळी दबते आणि ते कळतं थेट पुढच्या उतारावर.

तिसरं हिसक्याचं. रिकव्हरीच्या कामातला जुना लष्करी अंदाज असा: चाक बुडेपर्यंत रुतलेली गाडी ओढायला तिच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. ही गाडी टनाची धरली तर आहे त्या स्थितीत टन-दीड टन ओढ लागली असती, आणि हिसक्यात ती क्षणभर कितीतरी वाढते. दोराला गाठ मारली की त्याची ताकद निम्म्याजवळ येते. तोच खड्डा समोरून उकरून उतरता केला की ओढ निम्म्याहूनही खाली येते. म्हणून ट्रॅक्टर वापरायचाच झाला तरी फावडं आधी. मग दोर सावकाश ताणून घ्यायचा, ट्रॅक्टर सर्वांत हळू गिअरमध्ये, दोरावर मध्ये ओलं बारदान टाकलेलं, आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं नाही. साखळी किंवा लोखंडी दोर तुटला तर जीव घेतो. खरं तर या कामात बैलजोडी ट्रॅक्टरपेक्षा चांगली: ती हिसका देत नाही, वजन टाकून ओढत राहते, आणि अंदाज चुकला तर आपोआप थांबते.

प्रत्यक्ष काम

आधी गाडी हलकी केली. चार माणसं आणि गोण्या मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास उतरले. स्प्रिंगा मोकळ्या होऊन बॉडी इंचभर वर आली. हा इंच फुकटचा असतो. डिकीतल्या वजनाने पुढची चाकं हलकी होत होती, तेही थांबलं.

नंतर चाकं खरवडली. शहरातल्या माणसाला हे काम बिनमहत्त्वाचं वाटतं. टायरची नवी नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते. काळी माती तिच्यात एका फेऱ्यात भरते आणि टायर गुळगुळीत दंडगोल होऊन बसतो. वर मडगार्डच्या आत चिखलाचा थर चढत जाऊन चाकाला ब्रेक लागल्यासारखा घासतो. बैलगाडीच्या चाकांचं आणि आपल्या चपलांचंही हेच होतं. आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या गोठ्या-झोपडीवरून, खुरपं आणलं होतं. नक्षीच्या खाचा खुरप्याच्या टोकाने एकेक मोकळ्या केल्या, मडगार्डमधला थर आतून वरून खाली ओढून काढला. दोन्ही पुढच्या चाकांमागून मिळून घमेलंभर माती निघाली. एबीएसच्या सेन्सरची वायर आणि ब्रेकचा रबरी पाइप तिथेच असतो, म्हणून खुरपं टायरकडे चालवायचं, आत खुपसायचं नाही. शेवटी बाटलीभर पाण्याने नक्षी धुतली.

तिसरं काम पोटाचं. दोन्ही बाजूंनी आडवं पडून कुदळीने उंचवट्याची माती बाहेर ओढली. दारांखालून हात घालून पलीकडे उजेड दिसायला लागला तेव्हा थांबले. ओली चिकणमाती पत्र्याला चिकटते, मध्ये हवा शिरली की ती पकड सुटते. हे काम जॅक लावण्याआधी करायचं. जॅकवर गाडी असताना कुणाचाही हात-डोकं खाली नको. गाडीमागचा उंचवटाही बारा फुटांपर्यंत दोन-तीन इंच छाटला.

मग जॅक. पहिल्यांदा तो थेट मातीवर लावला आणि गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली गेला, जाणारच होता. चाकामागे साधारण तीनशे किलो भार, जॅकचा तळवा जेमतेम पाऊणशे चौरस सेंटिमीटर; दाब चार किलोवर. खाली दीड फूट लांब, फूटभर रुंद, दोन इंच जाड बाभळीची फळी टाकल्यावर तोच दाब पाव किलोपेक्षा कमी झाला, म्हणजे माणसाच्या पावलापेक्षाही हलका. फळी बसवायला आणि जॅक आत सरकवायला दाराच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याजवळ आठ इंच खड्डा घ्यावा लागला. जॅक खाचेच्या जागीच लागला पाहिजे, पुढेमागे लागला तर पत्रा चेमटतो. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर, मागच्या चाकांना दगड, आत कुणी नाही.

डावं चाक अधांतरी झाल्यावर खालच्या खड्ड्यात दगड भरले. बांधावर वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग होता, त्यातले नारळाएवढे आधी, मुठीएवढे वरून. पहिला थर चिखलात गडप होतो, त्याने नाउमेद व्हायचं कारण नाही, तो पायाच असतो. पहारीच्या बुंध्याने ठोकून दुसरा थर टाकला, तो टिकला. चाक खाली सोडल्यावर गाडी आधीपेक्षा चार-पाच इंच वर होती. उजवीकडे तेच, थोड्या कमी दगडांत.

इथे अनेकजण थांबतात आणि गाडी दोन फुटांवर पुन्हा अडकते, कारण मागची चाकं विसरली जातात. रिव्हर्समध्ये ती आघाडीला असतात. त्यांना ताकद नाही, पण त्यांच्या मागे मातीची उभी भिंत असेल तर पुढच्या चाकांनी कितीही ढकललं तरी ती चढत नाहीत. चारही चाकांमागे उतार काढले: नऊ इंच खोलीला तीन फूट लांब, यापेक्षा उभा नको. त्यांच्या मागे बारा फूट दोन्ही चाकोऱ्यांत दगड. चौदा इंच रुंदीची चाकोरी चार इंच उचलायची तर दोन्ही मिळून अठराएक घमेली लागतात. गडप झालेले धरून पंचवीस गेली. दगडांवर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आडव्या पसरल्या. उभ्या टाकल्या तर चाकाबरोबर गुंडाळल्या जातात, आणि विळ्याने छाटलेलं तिरकं टोक टायरच्या बाजूला घुसतं. तुरीच्या तुराट्या चालतात. कडबा ओला झाला की सटकतो. बाभळीच्या फांद्या मात्र काटे पाहून टाळल्या. सुटकेनंतर दोन पंक्चर काढण्यात गंमत नसते.

हवा शेवटी सोडली, ३३ वरून २० वर, पुढच्या दोन चाकांची. वाळूत याचा जेवढा फायदा होतो तेवढा काळ्या मातीत होत नाही, कारण इथे अडचण पकडीचीही आहे. पण दगड-पऱ्हाट्यांवर टायर पसरून बसतो. पंधराच्या खाली गेलं आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर ट्यूबलेस टायर रिमवरून सुटू शकतो. जवळ पंप नसेल तर हवा सोडायचीच नाही.

पंधरा फूट

चाकं सरळ. ढकलणारे तिघे पुढे, बॉनेटच्या कडांना आणि दाराच्या खांबांना हात लावून. चाकांच्या रेषेत कुणी नाही, मागे तर नाहीच. रिव्हर्सला दुसरा गिअर नसतो, म्हणून सगळी मदार क्लचवर: रेस हजार-बाराशे फेऱ्यांपुढे नेली नाही, क्लच सावकाश पूर्ण सोडला. गाडी पाचएक फूट गेली आणि पुढचं उजवं चाक फिरायला लागलं. चालकाने लगेच पाय काढला. त्या सेकंदावर सगळं असतं. आणखी पाच सेकंद रेस दिली असती तर दगड पुढे फेकले जाऊन तिथे नवा खड्डा झाला असता. चाक पुन्हा खरवडलं, पाच-सहा दगड, पऱ्हाट्यांची एक पेंढी. दुसऱ्यांदा गाडी थांबली नाही. थांबवूही नये: मुरमावर चारही चाकं येईपर्यंत त्याच संथ वेगात, स्टिअरिंग चाक सटकल्यासारखं वाटलं तर थोडं डावं-उजवं करत.

गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल असता तर आधी त्याचं बटण बंद करून पाहिलं असतं. चाक सटकल्याबरोबर तो इंजिनाची ताकद कापतो आणि गाडी चढाच्या मध्यावर मरते. बटण बंद करूनही बऱ्याच गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावायचं काम चालू राहतं, ते हवंच असतं.

चाकोरीतले दगड उचलले नाहीत. ट्रॅक्टर त्यांच्यावरून गेला आणि ते आणखी बसले. शेतकऱ्याने पऱ्हाट्या मात्र बाजूला काढल्या, चुलीच्या होत्या.

डांबरीवर येण्याआधी

हवा भरेपर्यंत वेग तीसच्या आत. सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे का ते आधी पाहिलं. रिव्हर्समध्ये ते मातीत घुसतं, आणि बुजलेल्या सायलेन्सरसह काचा लावून इंजिन चालू ठेवणं धोक्याचं आहे. ब्रेक दोन-चारदा हलके दाबून डिस्क साफ केल्या. साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं तर घाबरून अलाइनमेंटला पळू नका, रिमच्या आतल्या बाजूला किलो-अर्धा किलो माती चिकटलेली असते.

ही माती वाळली की विटेसारखी होते, म्हणून धुणं त्याच दिवशी. रिमची आतली बाजू, मडगार्डचे कोपरे, इंजिनाखालचं प्लास्टिक, दारांखालची पाणी जायची भोकं. रेडिएटरच्या जाळीवर पाणी मारायचं ते हलक्या धारेने, जोराच्या धारेने पातळ पत्र्या वाकतात. या गाडीत इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या दोन क्लिपा तुटल्या होत्या आणि आत चार बोटं माती साचली होती. एक्सलचे रबरी बूट शाबूत होते. ते फाटले असते तर ग्रीसमध्ये माती जाऊन महिन्या-दोन महिन्यांत वळणावर कटकट आवाज सुरू झाला असता, आणि तोपर्यंत पाणंदीचा संबंध कुणाला आठवला नसता.